तोंडातल्या व्रणाला तारीख लावा

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत तोंड येण्यावरचे घरगुती उपाय अधूनमधून छापून येतात. तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, जाईचा पाला, तूप-हळद, मध. त्या उपायांना आमची हरकत नाही. आठवड्यात आपोआप बरे होणारे दुखणे काहीही लावले तरी आठवड्यातच बरे होते. हरकत एवढीच, की उपाय कधी थांबवायचा हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. सांगली-साताऱ्याकडे तोंडाचा कर्करोग उशिरा सापडतो, त्यामागे न लिहिलेली ही एक ओळ बऱ्याचदा असते.

गालाच्या आतला वरचा थर साधारण दोन आठवड्यांत नवा होतो. त्यामुळे जीभ चावली गेली, कवळी घासली किंवा ‘उष्णतेने’ फोड आला, तरी तो दोन आठवड्यांत भरायला हवा. हा हिशोब बिघडतो तो दर दारी नव्याने मोजल्यामुळे. मेडिकल दुकानातून बी-कॉम्प्लेक्स, आठ दिवस. मग नेहमीच्या डॉक्टरांकडे अँटिबायोटिक, पाच दिवस. मग तोंडात लावायचे स्टिरॉइडचे मलम. त्याने आग कमी होते, व्रण तिथेच राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. मग गावातले झाडपाल्याचे औषध. प्रत्येक जण ‘पंधरा दिवस बघू’ म्हणतो आणि तीन महिने जातात. पंधरा दिवस एकदाच मोजायचे, आणि तेही पहिल्या दिवसापासून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने खूण करा. केसपेपरवर नुसते ‘अल्सर’ लिहून भागत नाही. कुठे, किती मिलिमीटर, रंग कसा, कडा कशा आणि कधीपासून, हे लिहिलेले नसेल तर पुढच्या भेटीत व्रण वाढला की कमी झाला हे कोणीच सांगू शकत नाही. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी शाळेतली फूटपट्टी धरली तरी काम होते.

नेहमीचा निरुपद्रवी फोड ओळखायला सोपा असतो. गोल किंवा लांबट, तळ पिवळट पांढरा, भोवती लाल कडा, आकार एक सेंटिमीटरच्या आत, आणि तो ओठाच्या आत, गालाला, जिभेखाली अशा मऊ जागी येतो. बारीक फोडांचा पुंजका टाळूच्या कडक भागावर किंवा हिरडीवर आला तर बहुधा नागिणीच्या कुळातला विषाणू असतो. दोन्हींत झोंबते, जेवण नको होते. गंमत अशी की लोक घाबरतात ते या झोंबणाऱ्या फोडांना. सुरुवातीचा कर्करोग मात्र दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणून दाखवलं नाही’ हे वाक्य तपासणीच्या खुर्चीत वारंवार ऐकू येते.

म्हणून नुसते पाहून चालत नाही, बोट लावावे लागते. हातमोजा घालून व्रणाचा तळ दाबला की साधा व्रण ओठासारखा मऊ लागतो. संशयास्पद व्रण नाकाच्या शेंड्यासारखा टणक लागतो. कडा बाहेर वळलेल्या, हात लावताच रक्त. एवढे दिसले तर दोन आठवडे थांबायचीही गरज नाही.

तपासणी कशी व्हावी हेही वाचकांना माहीत असावे. शिबिरात एका हातात बॅटरी धरून ‘आ करा’ म्हणणे म्हणजे तपासणी नव्हे. कवळी काढायला लावायची. ओठ उलटून आतून पाहायचे. दोन आरशांनी गाल ताणून हिरडी आणि गालामधली खोबण पाहायची, कारण आपल्याकडे तंबाखू-चुन्याचा विडा तिथेच दडवतात. जिभेचे टोक गॉजच्या तुकड्याने धरून जीभ आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढून तिच्या कडा मागेपर्यंत पाहायच्या. जिभेखालचा तळ एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटे हनुवटीखाली ठेवून चाचपायचा. टाळू, खालच्या अक्कलदाढेमागचा कोपरा आणि शेवटी मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी. सरावलेल्या हाताला तीन मिनिटे पुरतात. सर्वांत जास्त निसटतात त्या दोन जागा म्हणजे जिभेची मागची कड आणि अक्कलदाढेमागचा तो कोपरा.

पांढऱ्या डागाचे निदान बोटाभोवती गुंडाळलेल्या गॉजपासून सुरू होते. दुधाच्या सायीसारखा थर पुसून निघाला आणि खाली लाल दिसले तर ती बुरशी. मग मधुमेह, दम्याचा पंप, अलीकडे घेतलेले अँटिबायोटिक किंवा रात्री न काढलेली कवळी यांची चौकशी करायची. गाल ताणल्यावर पांढुरकेपणा नाहीसा झाला तर तो आजारच नव्हे. दोन्ही गालांवर जाळीसारख्या पांढऱ्या रेघा असतील तर लायकेन प्लॅनस हा त्वचेचा-तोंडाचा जुनाट आजार. तो वर्षानुवर्षे राहतो, त्यावर नजर ठेवावी लागते. दुखऱ्या दाढेशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्यानेही हिरडी भाजून पांढरी होते. लवंगतेलाचा बोळा जास्त वेळ ठेवला तरी तेच. आणि जो डाग पुसून निघत नाही, ताणून जात नाही, ज्याला दुसरे कोणतेच कारण सापडत नाही, तो ल्युकोप्लेकिया, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारा पांढरा चट्टा. विड्याच्या जागीच सुरकुतलेला पांढुरका चट्टा असेल तर विडा सोडल्यावर बहुतेकदा दोन ते सहा आठवड्यांत तो जातो. न गेल्यास तुकडा तपासायलाच हवा.

लाल डागाकडे मात्र कोणी पाहतच नाही. मखमलीसारखा लाल, सपाट, न दुखणारा चट्टा पांढऱ्यापेक्षा कितीतरी धोक्याचा असतो. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळले असतील तरी तेच. त्याला ‘तिखटाने झालंय’ म्हणून सोडू नये.

आता आपल्या भागातली एक खास अडचण. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बायका ठामपणे ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेच असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती दात घासायची वस्तू, खायची नव्हे. तेव्हा प्रश्न असा विचारावा लागतो : मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात ठेवता, कोणत्या बाजूला? ऊसतोडीच्या टोळ्यांत तर हा प्रश्न विचारायला माणूसच भेटत नाही. हंगाम संपला की टोळी गावी जाते आणि कागद इथेच राहतो. त्यांना तपासले तर लिहिलेला कागद त्यांच्या हातातच द्यावा.

आणखी एक विनंती. तपासणीला येताना तोंडात हळद, कात किंवा जांभळे औषध लावून येऊ नका. सांगलीच्या हळदीचा आम्हाला अभिमान आहे, पण पिवळ्या रंगाखाली लाल डाग दिसत नाही.

सुपारीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ ही समजूत शाळकरी मुलांपर्यंत पोचली आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मावा आणि सुपारी यांची सवय त्याने सुटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, त्यात तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून २००४ मध्ये जाहीर केले. सुपारीने आधी तिखट सोसेनासे होते. पूर्वी मिरचीचा ठेचा खाणारा माणूस साध्या आमटीला हाशहुश करू लागतो. मग गालाची आतली बाजू संगमरवरासारखी फिकट पडते, बोटाला उभ्या दोऱ्या लागतात, आणि तोंड उघडणे कमी होत जाते. घरच्या घरी मोजायची रीत अशी : आपलीच तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांत घालायची. तीन बोटे जात असतील तर ठीक. दोनच गेली तर दवाखाना गाठा. मोठ्या माणसाचे तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. दर भेटीला हा आकडा लिहून ठेवला पाहिजे. सुपारी सोडल्यावर पुढचे नुकसान थांबू शकते, पण झालेले आखडणे सहसा मागे जात नाही. त्यात कधीही कर्करोग उद्भवू शकतो, आणि तोंडच उघडत नसल्याने तो दिसतही नाही.

दातांच्या डॉक्टरांनाही थोडे ऐकवावे लागेल. एकच दाढ हलते आहे, बाकी हिरड्या चांगल्या आहेत, कीड नाही, मार लागलेला नाही, तर एक्स-रे काढल्याशिवाय ती उपटू नये. खाली हाड खाल्ले गेलेले असू शकते. अशी दाढ काढली की खळगा भरत नाही, उलट त्यातून मांस वर येते, आणि तोवर महिना दोन महिने हातचे गेलेले असतात. तसेच खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाल्याची तक्रार ‘शीर दबली असेल’ म्हणून उडवून लावू नये.

औषधांची चौकशी हमखास राहते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली की पहिली खूण म्हणून अनेकदा तोंडातच व्रण येतात. तो प्रसंग तातडीचा, त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याचा. हृदयविकारावरच्या निकोरँडिलनेही मोठे, हट्टी व्रण पडतात. महिनोन्‌महिने तोंड सोलवटत राहिले आणि नंतर अंगावर फोड आले तर पेम्फिगस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटण्याचा आजार, असू शकतो. गुळगुळीत, लाल, आग होणारी जीभ दिसली तर मलमापेक्षा हिमोग्लोबिन आणि बी-१२ची तपासणी करावी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आरशात जीभ बाहेर काढून पाहताना मागे उलट्या व्ही आकारात आठ-दहा मोठे दाणे दिसले म्हणून झोप उडवू नका. ते सगळ्यांनाच असतात. गालावरचे पिवळे बारीक ठिपके, दात मिटतात त्या रेषेवरची पांढरी ओळ, टाळूच्या मध्यावरचा हाडासारखा कडक उंचवटा हे सारे निरोगी तोंडाचेच भाग आहेत.

साध्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा उपयोग होतो का, ही शंका रास्त आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी आढळले. यंत्र नव्हते; उजेड आणि डोळे होते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा पाहायचे आहे. आशाताई अर्ज भरून घेतात तेव्हा उपकेंद्रात जाऊन तोंड दाखवा, नुसती सही करून मोकळे होऊ नका.

शेवटी तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी. ‘चाकू लागला की पसरतो’ ही भीती इतकी खोल गेली आहे की निदान झालेली माणसेही पळून जातात. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही; आधीच वाढलेला रोग त्या कागदाने फक्त उघड होतो. काम साधारण वीस मिनिटांचे. बधिर करण्याची सुई डागात न देता त्याच्या बाजूला देतात, नाहीतर पेशी फुगून चित्र बिघडते. तुकडा मध्यातल्या मेलेल्या भागातून घेतला तर अहवालात ‘फक्त सूज’ येते. तो कडेचा, थोडा निरोगी भाग धरून, किमान पाच मिलिमीटरचा आणि पुरेसा खोल हवा. लाल-पांढरा डाग असेल तर लाल भागातून. निळ्या रंगाची टोल्युडीन ब्लू चाचणी जागा निवडायला मदत करते, पण रंग धरला नाही म्हणून सुटका नव्हे आणि सुजलेला साधा व्रणही रंग धरतो.

तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या किमान दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बाटलीत टाकायचा. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये पाठवलेला तुकडा बिघडतो आणि रुग्णाला दुसऱ्यांदा सुई घ्यावी लागते. पेम्फिगसच्या खास तपासणीचा दुसरा तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्ये टाकला की वाया गेला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

अहवाल साधारण आठवड्याने येतो. ‘डिस्प्लेसिया’ म्हणजे पेशींत बिघाड सुरू झालेला; तो कर्करोग नव्हे, पण घरी परतण्याची परवानगीही नव्हे. कर्करोगाच्या अहवालात ‘वेल डिफरन्शिएटेड’ वाचून पुष्कळ जण पेढे वाटायच्या बेतात असतात. तो ‘वेल’ पेशींच्या ठेवणीबद्दल आहे, रोग किती पुढे गेला हे आकार, खोली आणि मानेतल्या गाठींवरून ठरते. आणि व्रण टणक असूनही अहवाल निर्दोष आला तर तुकडा पुन्हा घ्यायला सांगा. अहवालाबरोबर तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ठोकळे मागून घ्या. मिरजेहून पुढे मुंबईला जावे लागले तर तिथे कागदापेक्षा तेच आधी विचारतात, आणि ते हाताशी असले तर बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

आपले,
सांगली-मिरज परिसरातील मौखिक रोगनिदान करणारे काही दंतवैद्य