प्रसरणाऱ्या विश्वाचा मध्य शोधू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत विश्वाच्या उत्पत्तीवर आलेला लेख विद्यार्थ्यांच्या दृष्टीने उपयुक्त होता. मात्र त्यासोबत छापलेल्या चित्राबद्दल चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते. मध्यभागी एक ठिणगी, तिच्यातून चहूकडे उडालेल्या दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह) आणि त्यांच्याभोवती पसरलेली रिकामी जागा असे ते चित्र आहे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवरही वर्षानुवर्षे तेच उतरत आले आहे, आणि ते पाहून एखादे चुणचुणीत मूल हमखास विचारते की ही ठिणगी नेमकी कुठे पडली होती आणि त्या जागेच्या बाहेर काय होते. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, कारण चित्रच त्याला तिकडे नेते.

वास्तविक प्रसरणाचा हिशेब सातवीच्या मुलालाही करता येण्याजोगा आहे. आपल्यापासून एकाच दिशेला १०, २० आणि ३० कोटी प्रकाशवर्षांवर तीन दीर्घिका आहेत असे धरू. काही काळात विश्वातील सर्व मोठी अंतरे शेकडा एक या प्रमाणात वाढली, तर पहिली दीर्घिका १० लाख, दुसरी २० लाख आणि तिसरी ३० लाख प्रकाशवर्षे दूर सरलेली दिसेल. म्हणजे जी जितकी दूर तिचा वेग तितका अधिक. आता दुसऱ्या दीर्घिकेवरून पाहावे. तिथून पहिली आणि तिसरी या दोन्ही १० लाख प्रकाशवर्षांनी, तर आपली आकाशगंगा २० लाखांनी मागे हटलेली दिसते. प्रत्येकीला आपणच मध्यभागी आहोत असे वाटते, आणि म्हणूनच मध्य कोणालाच देता येत नाही. रशियाच्या अलेक्झांडर फ्रिडमन यांनी १९२२ मध्ये आणि बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून असे विश्व मांडले होते. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांतून वेग आणि अंतर यांचे हे नाते प्रसिद्ध केले. लमेत्र यांचे नाव त्या नियमाला अधिकृतपणे जोडले जाण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

दीर्घिका दूर जात आहेत हे प्रकाशाच्या वर्णपटावरून कळते. हायड्रोजनची एक निळसर-हिरवी रेषा प्रयोगशाळेत ४८६ नॅनोमीटरवर येते. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ‘३सी २७३’ या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या) वर्णपटात ती सुमारे ५६३ नॅनोमीटरवर ओळखली. प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणले गेले आणि त्याबरोबर त्याची तरंगलांबीही सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, असा त्याचा अर्थ आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे असूनही दिसणाऱ्या विश्वाची त्रिज्या ४६०० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास का भरते, याचे उत्तरही याच ताणात आहे.

मात्र हा ताण सर्वत्र लागू होत नाही, हे पुरवणीतील लेखात राहून गेले. गुरुत्वाकर्षणाने वा अणूंच्या परस्पर बलांनी बांधलेल्या वस्तू प्रसरण पावत नाहीत. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास वेगाने आपल्याकडेच येत आहे. सोलापूर ते पुणे हे अंतरही वाढत नसते. प्रवासाला वेळ अधिक लागला तर त्याचे खापर विश्वावर फोडता येणार नाही.

विश्वाच्या भूमितीबद्दल लेखात ‘विश्व सपाट असल्याचे सिद्ध झाले’ एवढे एकच वाक्य होते आणि शेजारी थाळीसारखी आकृती होती. इथे सपाट म्हणजे वक्रता शून्य असलेले त्रिमित अवकाश, ज्यात कितीही मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशच भरते. इतका मोठा त्रिकोण मोजायचा कसा, ही या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट आहे आणि नेमकी तीच वगळली गेली. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना निघालेला प्रकाश आज सूक्ष्मतरंग प्रारणाच्या (मायक्रोवेव्ह किरणांच्या) रूपात सर्व दिशांनी येतो. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांचा त्यावरील शोध प्रसिद्ध झाला. त्या काळच्या तप्त वायूत ध्वनीसारख्या लहरी होत्या, आणि तोवर त्या किती अंतर कापू शकल्या असतील हे गणिताने काढता येते. म्हणजे त्रिकोणाचा पाया माहीत, आणि तो प्रकाश किती दुरून आला हे ठाऊक असल्याने बाजूही माहीत. उरला तो आपल्या डोळ्याशी होणारा कोन. अवकाश गोलाच्या पृष्ठासारखे वक्र असते तर तो मोठा दिसला असता, उलट, खोगिरासारखे वक्र असते तर लहान. १९९८ च्या अखेरीस अंटार्क्टिकावर सोडलेल्या ‘बूमरँग’ बलूनने आणि नंतर ‘डब्ल्यूमॅप’ व ‘प्लँक’ या उपग्रहांनी घेतलेल्या मोजणीत तो सुमारे एक अंश, पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचा निघाला. वक्रता शून्याच्या अगदी जवळ आहे, एवढे यावरून ठामपणे म्हणता येते.

याचा अर्थ विश्व अनंतच आहे असा मात्र होत नाही. आपली सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर खडूने त्रिकोण काढावा आणि मग चादरीचे दोन काठ एकमेकांना शिवून टाकावेत; त्रिकोणाची ना बाजू बदलते ना कोन, पण त्या नळीवर आडवी सरळ चालणारी मुंगी फिरून निघाल्या जागी येते. विश्वही असे स्वतःला जोडलेले असेल, तर तेच आकाश दोन दिशांना दिसायला हवे. प्लँकच्या नोंदींत अशा जुळणाऱ्या खुणा शोधल्या गेल्या, पण त्या आढळल्या नाहीत. त्यामुळे ती जोडणी असलीच तर ती आपल्या दृष्टीच्या टप्प्यापलीकडे असणार.

अवकाशाच्या वक्रतेचा विषय आपल्या जिल्ह्याला अगदीच परका नाही, हे या निमित्ताने नमूद करावेसे वाटते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांनी आपापली उपकरणे उभी केली होती. याच कॅम्बेल यांनी १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रहणाच्या वेळी ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन सूर्याजवळच्या वक्र अवकाशात प्रकाश आइनस्टाइन यांनी सांगितल्याइतकाच वळतो हे दाखवून दिले. जेऊरच्या स्थानकावर याची एखादी पाटी लावण्यास काय हरकत आहे?

आणखी एक मुद्दा. लेखात प्रसरण आणि विश्वाचा प्रारंभ या गोष्टी एकच धरल्या आहेत. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासोबत काम करणारे आपले डॉ. जयंत नारळीकर यांना प्रसरण मान्य होते. प्रारंभाचा महास्फोट मान्य नव्हता. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू स्वीकारली नाही, तरी दोन प्रश्न वेगळे ठेवण्याची त्यांची शिस्त लेखकांनी जरूर घ्यावी.

सध्या प्रसरणाच्या वेगावरून खरा वाद आहे. सूक्ष्मतरंग प्रारणावरून काढलेला वेग दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो, तर सेफीड तारे (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारे) आणि सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) यांवरून तो ७३ च्या आसपास भरतो, आणि हा फरक मोजणीतील चुकीचा की सिद्धांतातील उणिवेचा, हे ठरलेले नाही. याच्या बातम्या पुढेही येत राहतील. तेव्हा ‘महास्फोट खोटा ठरला’ असा मथळा देण्याऐवजी मोजणी कोणत्या पद्धतीने झाली ही एक ओळ छापावी, आणि ते ठिणगीचे चित्र पुन्हा वापरू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर