उत्तरांसह पाठवलेले शब्दकोडे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी रचलेल्या शब्दकोड्याचा तुम्ही सोडवून परत पाठवलेला कागद पोहोचला. खालचा डावा कोपरा कोरा आहे, आणि त्याच्या जरा वर बाबांनी शाईचे अक्षर ब्लेडने खरवडून पुन्हा तेच अक्षर लिहिले आहे, इतके की तिथे कागदाला भोक पडायचे बाकी राहिले आहे. तो कागद पाहिल्यावर आईने फोनवर जे हळूच सांगितले त्याचा अर्थ मला पूर्ण कळला. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री वाचन करायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले असताना बाबा या एका कोपऱ्यासाठी उशिरापर्यंत जागत होते.

म्हणून मी एक गोष्ट ठरवली आहे, आणि तुम्हाला विचारण्याआधीच ठरवली आहे. यापुढे प्रत्येक शब्दकोड्याबरोबर उत्तरे आणि त्यांचा उलगडा एका वेगळ्या पाकिटात येईल. रोज रात्री फोनवर एकेक अक्षर सुचवण्याचा आपला परिपाठ मी बंद करत आहे. त्याऐवजी रविवारी सकाळी आपण तिघे निवांत बोलू. बाबा, उत्तरे सोबत पाठवणे म्हणजे तुमच्या बुद्धीवर अविश्वास दाखवणे आहे, असे कृपा करून मनात आणू नका. माझी कामाची वेळ बदलली आहे हे कारण खरे आहे, पण ते एकमेव कारण नाही. रात्री दहा वाजता मी एक अक्षर सुचवते, त्या अक्षराने तुमची झोप उडते आणि मग बाराला तुम्ही पुन्हा दिवा लावता, हे मला इतक्या लांबून सहन होत नाही. शिवाय उलगडा वाचणे हाही कोडे सोडवण्याचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. उत्तर कळले पण ते कसे आले हे कळले नाही, तर कोडे अर्धेच सुटलेले असते, आणि हे तर मी तुमच्याकडूनच शिकले.

आता त्या कोपऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, म्हणजे त्याचा सल राहणार नाही. संकेत असा होता : ‘सरकत, वेडेवाकडे होत केलेला व्यायाम (४)’. तुम्ही ‘योगासन’ लिहिले. चार अक्षरे आहेत, व्यायामही आहे, त्यामुळे ते सुचणे अगदी स्वाभाविक होते. परंतु मग ‘सरकत’ आणि ‘वेडेवाकडे’ हे शब्द तिथे कशासाठी आहेत, हा प्रश्न शिल्लक राहतो. क्रिप्टिक, म्हणजे शब्दांच्या खेळात उत्तर दडवणाऱ्या, संकेताचे दोन भाग असतात : एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि दुसऱ्या टोकाला ते उत्तर घडवण्याची कृती. अर्थ सुरुवातीला असेल किंवा शेवटी असेल, मध्यभागी कधीच नसतो. इथे ‘व्यायाम’ हा अर्थ आहे, ‘वेडेवाकडे’ ही उलटापालट करण्याची खूण आहे आणि ‘सरकत’ हा कच्चा माल आहे. स, र, क, त ही चार अक्षरे हलवली की ‘कसरत’ मिळते. संकेतातला प्रत्येक शब्द कामाला लागला, एकही वाया गेला नाही, की उत्तर बरोबर आहे असे समजावे. उत्तर नुसते जुळते आहे असे वाटणे पुरेसे नाही, कारण बरोबर उत्तर स्वतःच आपला पुरावा देते. या प्रकारच्या कोड्याची खरी गोडी मला तिथेच वाटते.

‘योगासन’ बसले आणि त्यामुळे त्याला छेदणारे दोन्ही उभे शब्द अडले. शेवटच्या चौकटीवर वरून उतरणारा उभा शब्द ‘दमत, धडपडत केलेले साहाय्य (३)’ असा होता. तुमच्या कागदावर त्याचे शेवटचे अक्षर ‘न’ झाले, म्हणून काही सुचेना. ते ‘त’ हवे होते. ‘दमत’ धडपडले की ‘मदत’ होते. हा संकेत रचताना तुम्ही दोघेच माझ्या डोळ्यांसमोर होतात. पहिल्या चौकटीतून खाली जाणारा शब्द होता ‘विकता गोंधळ उडाला, हाती काव्य (३)’. वि, क, ता यांचा गोंधळ उडवला की ‘कविता’. आणि त्या ‘ता’पासून सुरू होणारा तळाचा आडवा शब्द ‘उलटी वेल, तरी ठेका चुकत नाही (२)’ म्हणजे लता उलटी करून ‘ताल’. एक शब्द चुकल्यामुळे तीन शब्द अडून बसले होते. यात तुमची बुद्धी कुठेही कमी पडलेली नाही, फक्त शाईने लिहिलेले उत्तर पुसवत नाही, एवढेच.

मराठीत असे कोडे रचणे किती अवघड आहे, हेही या निमित्ताने सांगायला हवे, कारण तुमचा बराचसा सराव इंग्रजी कोड्यांचा आहे. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटे असते, त्यामुळे स्वर आणि व्यंजने हवी तशी फिरवता येतात. आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटलेली असते आणि जोडाक्षरही एकाच चौकटीत बसते. ‘त’ आणि ‘ता’ या दोन वेगळ्या चौकटी आहेत. म्हणून उलटापालट करायची तर अख्खे अक्षर त्याच्या मात्रेसकट हलवावे लागते, आणि दोन्ही बाजूंनी अर्थ देणारे शब्द फार थोडे सापडतात. मात्र अक्षरे लपवण्याचा प्रकार मराठीत फार सुंदर साधतो. ‘घेतला वसा गरजूंचा, त्याच्या पोटी समुद्र (३)’ हा संकेत बाबांनी सोडवला आणि शेजारी ‘वा!’ असे लिहिले, ते वाचून मला दिवसभर बरे वाटले. ‘वसा गरजूंचा’ या दोन शब्दांच्या सांध्यात ‘सागर’ दडलेला आहे, हे ज्याच्या नजरेने टिपले त्याची नजर अधू झाली आहे असे मी मुळीच मानणार नाही. तिला फक्त रात्रीची विश्रांती हवी आहे.

‘कानावर आला मुलगा, हाती आला धागा (२)’ या संकेतावर मात्र बाबांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले आहे. वसतिगृहातून आलेली माझी पत्रे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवणाऱ्या बाबांकडून मला हीच अपेक्षा होती. मुलगा म्हणजे ‘सुत’, त्यातला उकार ऱ्हस्व. धागा म्हणजे ‘सूत’, त्यातला दीर्घ. लिहिताना वेगळे असलेले हे दोन शब्द बोलताना सारखेच ऐकू येतात, आणि ‘कानावर आला’ या शब्दांत ती कबुली आधीच दिलेली आहे. अफ्रिट या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये मांडलेला नियम तुम्हीच मला शिकवला होता : कोडे रचणाऱ्याच्या मनात वरवर दिसणारा अर्थ असायलाच हवा असे नाही, पण जे त्याच्या मनात आहे ते त्याच्या शब्दांत असायलाच हवे. त्या नियमाला धरून पाहिले तर हा संकेत न्याय्य आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तुमचे मत वेगळे असेल तर रविवारी आपण अवश्य वाद घालू.

आई, आता तुझ्याशी बोलायचे आहे. कागदावर दोन उत्तरे तुझ्या हस्ताक्षरात आहेत. ‘ळ’ला तू जशी गाठ मारतेस तशी दुसरे कुणी मारत नाही, म्हणून ‘घड्याळ’ पाहताक्षणी ओळखले. ‘काटे आहेत पण टोचत नाहीत, चालते पण जागचे हलत नाही (३)’ हा संकेत म्हणजे तू आम्हाला अंथरुणात घालत होतीस तशा हुमाणांचाच, म्हणजे तोंडी कोड्यांचाच, भाऊ आहे. पण ‘वेगवान ढग (३)’ हा तसा नव्हता. तो निव्वळ दोन अर्थांचा संकेत होता, त्यात उलटापालट नाही, लपवाछपवी नाही, आणि म्हणूनच जाणकारही तिथे फसतात. ‘जलद’ म्हणजे वेगवान आणि ‘जलद’ म्हणजे पाणी देणारा मेघ, हे तुला एका क्षणात दिसले, कारण तुझ्या कानात जुन्या कवितांचे शब्द अजून ताजे आहेत. ‘तुमचे ते मला काही कळत नाही’ असे तू इतकी वर्षे म्हणत आलीस आणि आम्ही दोघे तुझ्या शेजारी बसून इंग्रजी कोडी सोडवत राहिलो. बाबांच्या जोडीला आता तू हवीस. त्यांना अक्षरांची कारागिरी येते, तुला शब्दांचे अर्थ येतात, आणि क्रिप्टिक कोड्याला हे दोन्ही सारखेच लागते.

सुरुवात कशी करायची ते सांगते. संकेत एकदा वाचायचा आणि त्यातून तयार होणारे चित्र लगेच बाजूला सारायचे, कारण ते चित्र तुला भुलवण्यासाठीच रंगवलेले असते. ‘नेहमी उलटा वागणारा सेवक (२)’ असे वाचले की डोळ्यांसमोर एक हट्टी गडी उभा राहतो. त्याला तसाच उभा ठेव. पहिला किंवा शेवटचा शब्द उत्तराचा अर्थ असेल असे धरून चाल. ‘सेवक’ हा अर्थ धरला तर उरले ‘नेहमी’ आणि ‘उलटा’. नेहमी म्हणजे सदा, आणि सदा उलटा केला की दास. ‘गोंधळ’, ‘विस्कटलेले’, ‘धडपडत’ असे शब्द दिसले की जवळची अक्षरे हलवून पाहायची, ‘पोटी’, ‘आत’, ‘मध्ये’ दिसले की शोधाशोध करायची, आणि ‘डोके’ किंवा ‘शेवट’ असे काही असेल तर एखाद्या शब्दाचे पहिले वा अखेरचे अक्षर तपासायचे. याहून अधिक नियम पाठ करण्याची गरज नाही, बाकीचे सवयीने येते.

बाबा, तुम्हाला आठवते का, ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात कोडी रचणाऱ्यांची नावे तुम्ही मला सांगत होतात? १९२६ पासून लिहिणारा टॉर्केमाडा, त्याच्यानंतर झिमेनीझ, आणि १९७२ पासून एझेड. तिघांचीही टोपणनावे स्पेनमधल्या, पाखंडी ठरवलेल्यांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायाधीशांवरून घेतलेली होती, आणि शेवटच्याने तर देझा या नावाची इंग्रजी अक्षरे उलटी करून स्वतःचे नाव घडवले. टॉर्केमाडा हा कुणी राक्षस असावा असे वाटून मी तुमच्या कुशीत शिरत असे, आणि तुम्ही म्हणत होतात की तो फक्त शब्दांचाच छळ करतो, मुलांना काही करत नाही. त्या वयात उत्तर यावे की न यावे याची मला फिकीर नव्हती. तुमच्या बोटाला धरून चौकटीवरून चौकटीवर जाणे हेच पुरेसे होते.

आणि आता मी सांगते ते दोघांनीही मुकाट्याने ऐकायचे आहे. चौकट मी दुप्पट मोठी करून, जाड कागदावर छापून पाठवली आहे, त्यामुळे भिंगाची गरज पडणार नाही. शाईचे पेन कोड्यापुरते कपाटात ठेवायचे. सोबत मऊ शिसाच्या पेन्सिली आणि खोडरबर आहे, तेच वापरायचे. टेबलावरचा नवा दिवा डाव्या बाजूला ठेवायचा, म्हणजे लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. कोड्याला सकाळी बसायचे, अर्ध्या तासाने उठून थोडे चालायचे आणि डोळ्यांतल्या थेंबांची वेळ कोणत्याही संकेतासाठी चुकवायची नाही. रात्रीच्या गोळीनंतर कागद हातात घ्यायचा नाही. शेजारी घड्याळ लावून बसणेही बंद करायचे. १९४२ मध्ये लंडनच्या डेली टेलिग्राफने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्क इथे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामाला बोलावले, ही तुमची आवडती गोष्ट मला पाठ आहे. पण त्या माणसांना घाई होती कारण तेव्हा युद्ध चालू होते. तुमच्यामागे कोणतीही घाई नाही. एक संकेत आठवडाभर पुरला तरी हरकत नाही.

पाकीट कधी उघडायचे ते आईने ठरवायचे आहे. दोन दिवस एखादा शब्द अडला तर फक्त तेवढ्याच शब्दाचा उलगडा वाचावा, म्हणून मी प्रत्येक उत्तर वेगळ्या पट्टीवर लिहून घडी घातली आहे. बाबांना वाईट वाटेल असे समजून आईने ते लपवून ठेवू नये आणि आईला बरे वाटावे म्हणून बाबांनी ते उघडल्याचे नाटक करू नये.

या वेळच्या कोड्यातला एकच संकेत असा आहे ज्याची पट्टी मी पाकिटात घातलेली नाही. तो असा : ‘पवित्रात लहानाचे डोके ठेवले की आई-वडील (३)’. पवित्र या अर्थाचा दोन अक्षरी शब्द आईने शोधावा, डोक्याचे काय करायचे ते बाबांनी पाहावे, आणि रविवारी फोन केल्यावर उत्तर आईने सांगावे, उलगडा बाबांनी करावा. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची लाडकी लेक