गीतेवर हात आणि गावाचा दाब

महोदय,

आपल्या न्यायालयीन थरारकथांत साक्षीदार अजून गीतेवर हात ठेवतो. 1969 च्या शपथ अधिनियमात ग्रंथ नाही. ईश्वरसाक्ष शपथ किंवा दृढकथन (देवाचे नाव न घेता खरे बोलण्याची गंभीर ग्वाही), एवढेच. खरा ताण त्यानंतर सुरू होतो. खान्देशातल्या एखाद्या गावात कुटुंबाला कानबाई देवीच्या उत्सवातल्या रोटांपासून, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांपासून, दूर ठेवले, वर्गणी नाकारली, तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण बहिष्काराचा ठराव सहसा तोंडी होतो आणि तो ऐकणारे सगळे भाऊबंदच. त्यामुळे साक्षीदार फितूर होतात, नि कथा तिथेच संपवली जाते. हे चूक आहे. फितुराची साक्ष सरसकट बाद होत नाही. इतर पुराव्याशी जुळणारा भाग न्यायालय स्वीकारू शकते. दंडाधिकाऱ्यांसमोरचा आधीचा जबाब मात्र एकटा पुरेसा नाही, तो उलटतपासणीत विसंगती दाखवायला वापरतात. व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरावा म्हणून द्यायचा, तर त्याच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. लेखकांनी हे बारकावे जरूर वापरावेत.

– एक वाचक, धुळे