पापे धुण्याची हमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांच्याविषयी आपल्या अंकात एका वाचकाचे पत्र आले होते. युक्रेनच्या युद्धात धर्मगुरूने स्वतःच्या देशाची बाजू घेतली तर बिघडले कुठे, असा त्यांचा सवाल. मला तो पटला नाही, म्हणून लिहिते आहे.

सैनिकांसाठी प्रार्थना करायला कुणाची ना नाही. महूच्या छावणीतली मुले सीमेवर जातात तेव्हा आम्हीही देवापुढे दिवा लावतो. पण 21 सप्टेंबर 2022 ला पुतिन यांनी राखीव सैनिकांना बोलावणे धाडले आणि चारच दिवसांनी किरिल यांनी प्रवचनात सांगितले की, लष्करी कर्तव्य बजावताना जो मरेल त्याची सारी पापे धुतली जातील. त्याच आठवड्यात जिच्या मुलाला बोलावणे आले, त्या आईने हे कसे ऐकले असेल? आणि दुसऱ्याच्या देशात घुसून केलेल्या युद्धात अशी हमी द्यायची तरी कुणाच्या भरवशावर?

युद्ध सुरू झाले तेव्हा माझ्या बहिणीचा नातू युक्रेनमध्ये खारकीवला डॉक्टरकी शिकत होता. मार्च 2022 मध्ये इंदूरला परतला, पण त्याआधीचे दिवस त्याने मेट्रो स्टेशनात, गोधडीएवढ्या जागेत काढले. शेजारी रशियन बोलणाऱ्या एक आजी होत्या. वर धमाका झाला की गळ्यातला क्रॉस मुठीत धरून पुटपुटायच्या, मग याच्या हातावर बिस्किट ठेवायच्या. आजीही ऑर्थोडॉक्सच.

युक्रेनमधल्याच ओडेसाचे कॅथेड्रल, म्हणजे तिथले मुख्य चर्च, 2010 मध्ये किरिल यांनी स्वतः जाऊन पवित्र केले होते. जुलै 2023 मध्ये रशियन क्षेपणास्त्राने त्याची दुर्दशा केली. तरी मार्च 2024 मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या परिषदेने या लढाईला ‘पवित्र युद्ध’ ठरवले.

आमच्या साउथ तुकोगंजच्या नाथ मंदिरात मी लहानपणापासून कीर्तने ऐकते. बुवा काही भलते बोलले, तर पुढे बसणारी जुनी मंडळी आरती झाल्यावर त्यांना बाजूला घेऊन सांगत. बुवाही ऐकून घेत. मॉस्कोत एका पाद्र्याने वरून ठरवून दिलेल्या प्रार्थनेत ‘विजय’ऐवजी ‘शांती’ म्हटले. एवढा एक शब्द बदलला, आणि 2023 मध्ये त्याचे धर्मगुरूपद काढून घेतले गेले.

ही बातमी आपल्या अंकात माझ्या वाचनात आली नाही. किरिल यांची प्रवचने छापता, तशी तीही छापावी.

आपली,
एक वाचक
साउथ तुकोगंज, इंदूर