हाडं सापडली की लगेच नदीत सोडू नका

मा. संपादक,
स. न.

उसाच्या लागणीआधी आमच्या वाळवा तालुक्यात रानं सपाट करायला जेसीबी लावतात. गेल्या उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या एका रानात बकेटीबरोबर खापरं वर आली आणि त्यांत बोटाएवढी हाडं. मी पोचले तेव्हा हळदकुंकू वाहून झालं होतं. एक इवलासा जबडा तेवढा पाहायला मिळाला. त्यात दोन दुधाचे दात होते आणि खालच्या खोबणीत पक्का दात दिसत होता. संध्याकाळच्या आत सगळं नदीत सोडलं. भीतीपोटी, श्रद्धेनं केलं, कुणाला दोष देत नाही. पण ते मूल कधीचं, शंभर वर्षांपूर्वीचं की तीन हजार, हे आता कधीच कळणार नाही.

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून हळहळ जास्त. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. दोनशेहून जास्त दफनं मिळाली. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरलेलं. मोठ्या माणसांची पावलं बहुतेक वेळा घोट्यापासून तोडलेली. मेलेला उठून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा अंदाज. दात कितपत तयार झालेत त्यावरून मुलाचं वय काढता येतं. बाळपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं तर दाताच्या कवचावर आडवी रेघ उमटते आणि ती जन्मभर पुसली जात नाही. त्या आयांनी लेकरं पाण्यात सोडली नव्हती, घराखाली जवळ ठेवली होती. आपणही थोडं थांबायला काय हरकत आहे?

हाड जागेवरून हललं की निम्मी माहिती गेलीच: डोकं कुठल्या दिशेला, शेजारी कुठलं भांडं. धुतलं, हाताळलं की डीएनए मिळण्याची आशाही कमी होते. म्हणून मशीन थांबवा, वर ताडपत्री टाका, पोलीस पाटील आणि तलाठ्याला सांगा. हाडं अलीकडचीही असू शकतात, तेव्हा पोलिसांना कळवायलाच हवं. जुनी वाटली तर तहसीलदारांनी पुरातत्त्व खात्याला बोलवावं. तोवर शेतकऱ्याचं काम अडतं, हे खरं आहे; म्हणून माणूस दोन-चार दिवसांत यायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी कळवणारच नाही.

सपाटीकरणाचा हंगाम सुरू होण्याआधी ही सूचना प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावी, अशी जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. वाळवा, जि. सांगली