मोबाईल असताना भाषा कशाला शिकायची?

महोदय,

नववीतला माझा नातू परवा म्हणाला, ‘आजोबा, मोबाईल सगळं भाषांतर करून देतो, मग तिसरी भाषा कशाला?’ पालकांच्या तोंडीही हल्ली हेच ऐकू येते. २०२२ मध्ये गूगलच्या भाषांतरात कोकणीही आली, याचा मला मनापासून आनंद आहे. अनोळखी गावात पत्ता विचारायला ही सोय उत्तमच.

पण गेल्या महिन्यात वाटणीच्या कामासाठी आमच्या घरातला जुना पोर्तुगीज दस्त बाहेर काढला. नातवाने फोटो काढून भाषांतर केले. ‘वार्झेआ’ या शब्दापुढे आले ‘पूरमैदान’! आमच्या जमिनीत पूरमैदान कुठले? शेवटी गोवामुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या वाड्यावरच्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावले. त्यांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘अरे, हें तुमचें सकयलें शेत!’ म्हणजे खालचे शेत. गोव्यात भातशेताला तोच शब्द लिहीत, हे त्यांना ठाऊक होते. मग चारही सीमा त्यांनी घडाघडा वाचून दाखवल्या.

जमिनीचे, कोमुनिदादींचे (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांचे) असे कितीतरी कागद गोव्यात पोर्तुगीजमध्येच आहेत आणि ते वाचणारी पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. ही माणसे आहेत तोवर सरकारने तालुक्यातालुक्यांत जुने दस्त वाचायला शिकवणारे वर्ग सुरू करावेत. नातू दर रविवारी त्या वृद्ध गृहस्थांकडे वही घेऊन जाऊ लागला आहे.

– एक वाचक, फोंडा