खेकड्याच्या गावातली मुरमाची वाट

विंटरटूर,
3 मे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझी स्वित्झर्लंडची यादी मिळाली. फुर्का आणि ग्रिमसेलच्या खिंडी, गोथार्डची जुनी दगडी वाट, आणि उरल्या वेळात यंगफ्राऊचं शिखर! आठ दिवसांत? अरे, पन्नाशीला टेकलोय आपण. फुर्काची खिंड 2,429 मीटरवर आहे, सप्टेंबरात तिथे कधी बर्फ पडेल याचा नेम नाही, आणि शनिवार-रविवारी मोटरसायकलींची अशी रांग लागते की तुला मुंबई-पुणे जुन्या हायवेची आठवण येऊन डोळ्यांत पाणी येईल. मी तुझ्या यादीवर काट मारली आहे. एक खिंड ठेवली, तीही ट्रेनमधून बघायला. बाकीचे चार दिवस माझ्या घरामागच्या जंगलात. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

शेवटी तू लिहिलंयस ना, "खडीच्या रस्त्यावर हिंडायला दोन लाखांची सायकल कशाला, आमच्याकडे असला रस्ता फुकट मिळतो, तोही डांबरी म्हणून", ते मी बायकोला वाचून दाखवलं. ती अजून हसते आहे. पण गड्या, खडी आणि मुरूम यांत फरक आहे, हे तुला मी सांगावं? कर्जतहून पळसदरीला जाताना रुळांच्या बाजूने जी तांबडी वाट होती, पावसाळ्यानंतर बैलगाड्यांनी चेपून गुळगुळीत झालेली, तिच्यावर भाड्याची सायकल कशी सरसरत जायची! आवाजसुद्धा वेगळा. डांबरावर चाक सूं करतं, मुरमावर ते कुरकुरीत काहीतरी चावल्यासारखं बोलतं. इथे त्या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. मी मनातल्या मनात मुरमाची सायकल म्हणतो. हँडल रेसिंगसारखं वळलेलं, पण टायर 42 मिलिमीटर रुंद आणि त्यात हवा कमी. हवा कमी ठेवायची, हे मला पटायलाच सहा महिने लागले. तुझ्या काकांच्या दुकानात टायर अंगठ्याने दाबून "दगड झाला पाहिजे" असं शिकलेला माणूस मी. दगडासारखे टायर घेऊन पहिल्या पावसाळी रविवारी निघालो, ओल्या पाचोळ्याच्या एका वळणावर मागचं चाक पुढच्याच्या आधी पोचलं, आणि कोपर सोलवटून निघालं. वर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तिने आधी सायकल उचलली, मग मला विचारलं.

तर वाट कशी आहे ते सांगतो. विंटरटूर झुरिकपासून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. देशातलं सहाव्या नंबरचं शहर, पण हद्दीतली साधारण 40 टक्के जमीन जंगल आहे. शहराबाहेरचं नव्हे, शहरातलं. माझ्या दारातून निघून दहा मिनिटांत बीच नावाच्या पानझडी झाडांखाली असतो. दक्षिणेला एशनबर्ग नावाची टेकडी आहे, 591 मीटर. शहरच 440 वर असल्यामुळे चढ म्हणजे आपला कडाव नाक्याकडचा चढ समज, थोडा जास्त लांब. माथ्यावर 1889 सालचा लोखंडी मनोरा आहे. हवा स्वच्छ असली तर वरून आल्प्सची सगळी रांग दिसते. तुझी खिंडींची हौस तिथे उभं राहून भागव.

मनोऱ्याजवळच ब्रूडरहाउस नावाचं प्राण्यांचं उद्यान, तिकीट नाही. लांडगे, लिंक्स म्हणजे इथली मोठी रानमांजरं, रानडुकरं, आणि मंगोलियाच्या गवताळ रानातले ते बुटके, ताठ आयाळीचे प्रझेवाल्स्की घोडे. एके काळी ते रानातून पार नाहीसे झाले होते, प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांपासून परत वाढवले. सकाळी सातला धुक्यात ते कुंपणाशी उभे असतात, नाकातून वाफ सोडत. मी थांबतो, ते बघतात, मी निघतो. असा आमचा संबंध.

तिथून उतार थेट ट्यॉस नदीकडे, लायझनटाल नावाच्या दरीत. गेल्या आठवड्यात मी उतरत होतो तर दरीभर लसणाचा वास. फोडणी दिल्यासारखा! एप्रिल-मेमध्ये बीचला पालवी फुटायच्या बेतात असताना जमिनीवर रानलसणाची पानं गालिच्यासारखी पसरतात, कारण वर पानांचं छत झालं की खाली ऊन पोचत नाही. त्यांना जे करायचं ते त्याआधी उरकावं लागतं. बायको ओंजळभर पानं आणि शेंगदाणे घालून चटणी करते. पण खुडताना एकेक पान चुरगळून हुंगायचं, कारण तसंच दिसणारं एक विषारी पान शेजारीच वाढतं. सप्टेंबरात तुला हे काही मिळणार नाही, म्हणून नुसतं लिहून जळवतोय.

दरीत वाट नदीच्या काठाने जाते, जवळजवळ सपाट. 1876 च्या जूनमध्ये ट्यॉसला मोठा पूर आला होता, त्यानंतर तिला बांध घालून सरळ केली. म्हणून ती थोडी शाळेत घातल्यासारखी वाहते, दर थोड्या अंतरावर बुटका बंधारा, एक पायरी, पुन्हा सरळ. गंमत म्हणजे देशाचा पहिला वनकायदाही 1876 चाच. डोंगरांवरची झाडं बेसुमार तोडली, खालची गावं पुरात गेली, तेव्हा शहाणपण सुचलं. आधी तो डोंगराळ भागापुरता होता, 1902 च्या कायद्याने सगळ्या देशाला लागू झाला: जंगलाचं क्षेत्र कमी करायचं नाही. आणि 1912 पासून लागू असलेल्या नागरी कायद्यात असं कलम आहे की जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यात पायी जायचा हक्क सगळ्यांना. सायकलवाल्यांना एवढाच नियम की वाट सोडून झाडांत घुसायचं नाही. बाळ्या, मला इथलं सगळ्यात आवडतं ते हे. फार्महाउसचं फाटक नाही, "खाजगी मालमत्ता" नाही, वॉचमन नाही. पळसदरीची आपली वाट आता कुठल्या कुंपणात गेली, ते तूच मागे फोनवर सांगितलं होतंस.

वाट मुळात माझ्यासाठी बनवलेली नाहीच. लाकडाचे ट्रक जावेत म्हणून बनवलेली आहे. मधोमध किंचित उंच, दोन्हीकडे उतार, बारीक चुनखडी दाबून बसवलेली, त्यामुळे पाणी साचत नाही आणि पावसाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी ठणठणीत. कडेला ओंडक्यांची रास असते, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर रंगाने खुणा. ताज्या कापलेल्या स्प्रूसचा, म्हणजे इथल्या सूचिपर्णी झाडाचा वास, सांगतो, आपल्या सुताराच्या शेडमध्ये रंधा चालू असताना येतो तसाच, फक्त थंड. स्प्रूस मात्र कमी होत चाललेत. 1999 च्या डिसेंबरात लोथार नावाचं वादळ आलं, मग 2018 चा कोरडा उन्हाळा, आणि सालीखाली पोखरणारा भुंगा. मध्येच टक्कल पडल्यासारखी मोकळी जागा लागते, तिथे आता ओकची रोपं आणि ब्लॅकबेरीची जाळी. तीत घुसू नकोस. गोचिडी असतात, त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. आम्ही सगळ्यांनी लस टोचून घेतली आहे. तू लांब मोजे आण.

चालणाऱ्या लोकांचं एक सांगून ठेवतो. मागून जाताना मी एका आजींना "ग्रुएत्सी" म्हणालो, म्हणजे इथला राम राम. त्या दचकल्या आणि म्हणाल्या, घंटी कशाला लावली आहे? पुढच्या रविवारी एका आजोबांना घंटी दिली, ते म्हणाले, तोंडाने बोलता येत नाही का? तेव्हापासून मी वीस फुटांवरून मुद्दाम गिअर खडखडवतो. कुणाचीच तक्रार नाही.

झेनहोफला नदी सोडायची आणि कीबुर्गचा चढ घ्यायचा. हा मात्र चढ आहे, बोलणं बंद होतं. वर किल्ला. कीबुर्गच्या सरदारांचा वंश 1264 ला खुंटला आणि गड हाब्सबुर्ग राजघराण्याकडे गेला, 1424 ला झुरिकने घेतला. बुरूज-बिरूज शाबूत, आत संग्रहालय. तू राजमाची पाहिलेला माणूस, तुला हा जरा घर सारवून ठेवल्यासारखा वाटेल. मलाही वाटतो. पण शेजारच्या गावात कारंज्याचं पाणी इतकं गार असतं की दात शिवशिवतात, त्यासाठी तरी चढावं.

पलीकडच्या अंगाने जंगलातून उतरलास की केम्पटाल. इथे तुझ्या मुलीला आणायला हवं होतं. युलियुस मॅगी नावाच्या माणसाची गिरणी इथली. वडिलांची गिरणी हाती घेऊन त्याने डाळींच्या पिठाचं झटपट सूप काढलं, मग 1886 ला ते काळं मसालापाणी. दोन मिनिटांवाल्या मॅगीचं नाव या घळीतलं आहे! नूडल्स मात्र इथे सुचल्या नाहीत. तिथून ओढ्याच्या काठाने सपाट घरी. एकूण तीसेक किलोमीटर, माझ्या वेगाने अडीच तास. घोड्यांसकट.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला जाऊ, द्राक्षमळ्यांतून आंडेलफिंगेनला, तिथे टूर नदीवर छप्पर असलेला लाकडी पूल आहे, आणि पुढे ऱ्हाइनच्या धबधब्यापर्यंत. तो 23 मीटर उंच आणि 150 रुंद. पर्यटकांची गर्दी, वडापाव नाही. परत ट्रेनने, सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

आता खरी गोष्ट. मुद्दाम शेवटी ठेवली.

तुझे आजोबा घाटात ज्या खेकड्यावर होते ना, ते विजेवरचं रेल्वे इंजिन या गावचं आहे. 1928 च्या सुमाराला पहिले दहा खेकडे इथल्या कारखान्यात बनले, बाकीचे इंग्लंडमध्ये. मी इतकी वर्षं त्या कारखान्याच्या भिंतीवरून ऑफिसला जात होतो आणि मला पत्ता नव्हता. आजोबा ओट्यावर बसून हातांनी दाखवायचे ना, दोन्ही कोपरं वरखाली, दांडे असे चालायचे, म्हणून खेकडा. आणि उभा राहिला तरी आतून कण्हायचा. कारखाना कधीच बंद झाला. त्या जागेवर आता घरं उठताहेत, वस्तीचं नाव लोकश्टाट. लोक म्हणजे लोकोमोटिव्ह, आपले लोक नव्हेत. एक-दोन जुन्या शेड राखल्यात, काचेच्या छपराच्या, उंचच्या उंच. माझी सायकल मी परतताना तिथे टेकवतो आणि पाणी पितो.

तेव्हा पहिल्या दिवशी जंगलात जायच्या आधी तिथे जाऊ. आजोबांचा तो कर्जत यार्डातला फोटो, इंजिनाला हात लावून उभे असलेला, काचेतून काढून पिशवीत घालून आण. मला तो शेडच्या भिंतीशी धरून बघायचा आहे.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना सांग, सायकलवरून पाडणार नाही.

तुझा,
सुन्या

ता. क. – सायकल इथे भाड्याने मिळेल, ती आणू नकोस. पण तुझं स्वतःचं सीट आण. माझं ऐक.